डासांवरच्या उपायांचा थाट

धुराची गाडी आली की ठाण्याच्या कळव्यात सर्वांत आधी खिडक्या बंद होतात. लांबून मशीनची घरघर ऐकू येते, कोणीतरी गॅलरीतून ‘धूरवाला आला रे’ म्हणून ओरडतं, आणि मनीषा नगरपासून खारेगावपर्यंत ज्याला त्याला एकदम आपले धुतलेले पडदे, गॅसवरची भाजी आणि आजोबांचा दमा आठवतो. सरकत्या काचा धाडधाड लागतात, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं जातं. बाहेर पांढरा लोट उठतो, त्यामागे पोरं धावतात, कुत्री भुंकतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळं विरलं की खिडक्या पुन्हा उघडून लोक म्हणतात, ‘चला, आज फवारणी झाली एकदाची.’ आता हा धूर म्हणजे डिझेलमध्ये कालवून, तापवून हवेत सोडलेल्या कीटकनाशकाचे बारीक थेंब. ते हवेत असताना जो डास उडत असेल आणि ज्याला ते लागतील, तो मरतो. बसलेला बहुधा वाचतो, पाण्यातल्या अळीला तर बाहेर काही घडलं याचा पत्ताही नसतो. डेंगीचा डास घरात राहणं पसंत करतो. पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीवर टांगलेल्या शर्ट-पँटींच्या गर्दीत तो अंधार बघून बसतो. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा धूर काढला, त्यालाच आपण स्वतःच्या हातांनी काचा लावून, फटी बुजवून सुखरूप ठेवतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर औषध आपल्याच फुप्फुसात जातं, तेव्हा बंद करणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण मग समाधान नक्की कशाचं होतं, हा प्रश्न उरतो.

माझं म्हणणं असं की डासांवरचा उपाय आपण गुणावर निवडत नाही, थाटावर निवडतो. उपायाने आवाज केला पाहिजे, धूर काढला पाहिजे, वास मारला पाहिजे, निदान एखादा लाल दिवा तरी लुकलुकला पाहिजे. उपाय चालू आहे हे घरातल्या सगळ्यांना आणि जमल्यास शेजाऱ्यांनाही कळलं पाहिजे. डास चावला नाही, ही घटना दिसत नाही. डास मेला, ही दिसते. न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कोणी कोणाला देत नाही, आणि डासांपासून बचाव हा सगळा न घडलेल्या गोष्टींचाच मामला आहे. म्हणूनच जे उपाय खरोखर चालतात ते आपल्याला अळणी वाटतात, आणि जे फारसे चालत नाहीत त्यांच्यावर आपण दर महिन्याच्या वाणसामानात पैसे खर्च करतो.

हे पटत नसेल तर जिथे थाट बघायला कोणीच नाही, तिथली माणसं काय करतात ते पाहावं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात किंवा अलास्कात शिकारीला जाणारा माणूस हे त्यासाठी उत्तम उदाहरण. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, त्यामुळे खाडीपलीकडच्या येऊरच्या डोंगरात बंदूक घेऊन जायची सोय नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण बिबट्यांचा दम आधीच कोंडलाय. पण तिकडे मे-जूनमध्ये अस्वलाच्या शिकारीचा हंगाम आणि रक्तपिपासू माश्यांचा हंगाम एकाच वेळी येतो. बर्फ वितळून दलदलीत डास फुटतात, वाहत्या ओढ्यांत काळ्या माश्यांची पैदास होते. ही काळी माशी सुई टोचत नाही, कातडी कापते आणि आलेलं रक्त चाटते. शिवाय एक चिलट असं की साध्या जाळीच्या भोकातून सहज आत येतं. अलास्कातले लोक डास हाच आमचा राज्यपक्षी म्हणून थट्टा करतात. अशा ठिकाणी आठवडाभर राहणाऱ्याच्या पिशवीत काय असतं? टोपीवरून मानेपर्यंत सोडायची बारीक जाळी. लांब बाह्यांचे, सैल आणि फिकट रंगाचे कपडे, कारण गडद रंग या किड्यांना लांबून दिसतो. पँट मोज्यात खोचायची. कपड्यांवर आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलेलं, उघड्या कातडीला डीईईटी हे डास पळवणारं औषध. आणि तंबू ठोकायला वारा वाहणारी उंच जागा, पाण्याकाठची रम्य जागा नव्हे. बस्स. ना धूर, ना बॅट, ना निळा दिवा. हातात बंदूक असलेला माणूस डासाला मारण्याच्या फंदात पडत नाही. तो फक्त स्वतःला झाकून घेतो. त्याचं ते ध्यान आरशात बघवणार नाही, पण तिथे आरसा नाही आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुपही नाही.

आता आपली शस्त्रं बघू. पहिला मान अर्थात बॅटचा. हे चिनी यंत्र मराठी घरात आलं आणि दिवाणखान्यात बसल्या बसल्या पराक्रम गाजवायची सोय झाली. जावई टीव्ही बघताना डाव्या हाताने दोन मारतो, सासूबाई देवघराच्या कोपऱ्यात धरतात, आणि तो ‘चट्ट’ आवाज झाला की घरभर एक सामुदायिक सुस्कारा सुटतो. मोठा डास असेल तर जाळीत अडकून चटचटत राहतो आणि जळका वास येतो. त्या वासाचं वर्णन लोक ज्या तृप्तीने करतात ती तृप्ती जेवणाच्या वर्णनातही ऐकू येत नाही. पण बॅट तोच डास मारते जो आपल्याला दिसला. पायाला चावणारा दिसत नाही, झोपेत चावणारा तर नाहीच. मिठाईच्या दुकानात, हॉटेलात निळा दिवा टांगलेला असतो तो याच घराण्यातला. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा दिव्यांखाली मेलेले किडे मोजून 1996 मध्ये निष्कर्ष छापला. 13,789 किड्यांपैकी चावणारे होते अवघे 31. बाकीचे बिचारे पतंग, भुंगेरे, पाण्यावरचे निरुपद्रवी किडे. कित्येक तर इतर किडे खाणारे. डास उजेडाकडे येत नाही, तो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या, घामाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो. दिवा श्वास घेत नाही.

श्राव्यातीत ध्वनी काढणारी यंत्रं त्याहून थोर. प्लगला लावायची, मोबाइलमध्ये ॲप म्हणून टाकायची. माणसाला ऐकू न येणारा आवाज डासाला पळवतो असा दावा. 2007 मध्ये कोक्रेन संस्थेने अशा यंत्रांच्या दहा क्षेत्रीय चाचण्या एकत्र तपासल्या. चावण्यात काही फरक पडल्याचं एकाही चाचणीत दिसलं नाही. तरी यंत्र विकलं जातं, कारण त्याला हिरवा दिवा आहे. दिवा काढून टाकला तर खप निम्म्यावर येईल, अशी माझी पैज आहे. कॉइल तुलनेने प्रामाणिक म्हणायला हवी, तिचा डासांवर थोडाफार परिणाम होतो. पण 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात. ज्या घरात मुलाच्या खिशात एक सिगारेट सापडली तर तीन दिवस अबोला धरला जातो, त्याच घरात आई रात्री दार लावून त्याच्या उशाशी पाकीटच्या पाकीट पेटवून ठेवते, आणि वर ‘नीट झोप हं बाळा’ म्हणते. अंगाला लावायच्या मलमाची गत आणखी वेगळी. वस्तू चांगली, पण ती जिथे लागेल तेवढ्याच कातडीचं रक्षण करते. आपण ती देवाला गंध लावावं तशी लावतो, दोन्ही मनगटांवर एकेक टिपका, मानेवर एक, आणि उरलेलं अंग भगवंताच्या हवाली. मग पोटरीला चावलं की मलम भेसळीचं ठरतं.

या सगळ्या मिरवणुकीत मागे पडली ती मच्छरदाणी. जुनेपणात तिला तोड नाही. इजिप्तमधल्या दलदलीच्या भागातले लोक दिवसा जे जाळं मासे धरायला वापरतात तेच रात्री अंथरुणावर ताणून त्यात झोपतात, असं हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. आणि नव्या पुराव्यातही ती मागे नाही. आफ्रिकेत 2000 ते 2015 या पंधरा वर्षांत हिवतापाचे सुमारे 66 कोटी आजार टळले, त्यातला 68 टक्के वाटा औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा होता, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये मांडला. जगात एवढी कामगिरी करून दाखवणारी वस्तू आपल्या घरात मात्र माळ्यावर, जुन्या सुटकेसमध्ये, फाटक्या चादरींच्या खाली सापडते. चाळीतल्या खोल्यांत चार कोपऱ्यांत चार खिळे असायचे आणि त्यांना नाड्या बांधून रोज रात्री घर डासांविरुद्ध उभं राहायचं. मग फ्लॅट आले, भिंतींना महागडा रंग आला, पीओपीचं छत आलं, आणि खिळा ठोकणं हा गुन्हा झाला. बेडरूमचं फर्निचर करणारा सुतार पलंगाला साइड टेबल देतो, डोक्याशी मऊ गादी देतो, खाली स्टोरेज देतो. दांडे लावायला चार भोकं द्या म्हटलं तर आपल्याकडे दयेने बघतो. मच्छरदाणीतलं माणूस गरीब दिसतं, हे तिच्या पतनाचं खरं कारण. लग्नाच्या रुखवतात मिक्सर दिसतो, कोपऱ्यात लाडवांचा किल्ला दिसतो. मच्छरदाणी कोणी मांडत नाही.

तिच्यावर आक्षेप आहेत, आणि ते सगळेच थातुरमातुर नाहीत. पहिला उकाड्याचा. ऑक्टोबरात कळव्याची हवा अशी असते की अंगावरची बनियनसुद्धा परकी वाटते, त्यात भोवती जाळी म्हणजे पंख्याचा निम्मा वारा बाहेरच. हे खरं आहे. पण इथे पंख्याच्या बाजूने एक शब्द टाकायला हवा, कारण पंखा स्वतःच उत्तम डासरोधक आहे आणि त्याला ते श्रेय कोणी देत नाही. डास अत्यंत कच्चा उडणारा प्राणी आहे, चालणाऱ्या माणसाहूनही त्याचा वेग कमी. पंख्याच्या झोतात तो नीट उतरू शकत नाही, शिवाय आपला श्वास पांगतो आणि त्याला माग लागत नाही. शिकारी टेकडीवर तंबू ठोकतो तो याचसाठी. म्हणून ज्यांना जाळीत गुदमरतं त्यांनी पंखा अंगावर, पायापर्यंत येईल असा ठेवावा, आणि वीज जाईल तेव्हाचा विचार आधी करून ठेवावा. कळव्यात तो विचार वायफळ नाही. खिडकीला वेल्क्रोची जाळी लावणं हा मधला मार्ग आहे आणि हल्ली तो बऱ्याच घरांत आलाही आहे, फक्त जाळीचा खालचा कोपरा बोका ये-जा करतो म्हणून मोकळा ठेवलेला असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी उन्हं वर आल्यावर आणि संध्याकाळी मावळायच्या आधी त्याला विशेष भूक लागते. मग रात्री जाळीत झोपून उपयोग काय? दिवसभर जागं असणाऱ्या, नोकरीला जाणाऱ्या माणसाला उपयोग कमी, हे मान्य. पण दुपारी झोपणारी तान्ही मुलं आहेत, आजारी आजी आहेत. आणि ज्याला डेंगी झालाच आहे त्याला तर पहिले काही दिवस दिवसाही जाळीत ठेवलं पाहिजे, कारण त्याच्या रक्तातला विषाणू घेऊनच डास शेजारच्या घरी जातो. आपण काय करतो? त्याला पपईच्या पानांचा रस पाजतो आणि बिनजाळीच्या पलंगावर ठेवून भेटायला येणाऱ्यांची रांग लावतो.

दिवसाच्या डासावर खरा इलाज पाण्यात आहे, आणि इथे आपला थाटाचा सोस सगळ्यांत महाग पडतो. कळव्यात कोणालाही विचारा, डास कुठून येतात, तर बोट खाडीकडे जातं. खाडी, खारफुटी, नाला, पलीकडची झोपडपट्टी, रेल्वेची हद्द. बोटाला भरपूर दिशा आहेत, फक्त ते स्वतःच्या घराकडे वळत नाही. नाल्याबद्दल बोट खोटं नाही. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो आणि त्याचं माहेर नालाच. खारफुटीतही खाऱ्या पाण्याला सरावलेल्या डासांच्या जाती असतात. पण पायांवर पांढरे पट्टे असलेला डेंगीचा डास गटारात अंडी घालायला जात नाही. त्याला, खरं तर तिला, कारण चावते ती मादीच, स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. आणि ते आपल्याइतकं प्रेमाने कोणी साचवत नाही. कुंडीखालची बशी. मनीप्लांटची बाटली. फ्रिजच्या मागचा ट्रे, जो बहुतेकांनी फ्रिज घेतल्यापासून पाहिलेला नाही. एसीच्या पाइपाखाली ठेवलेली बादली. पारसिकच्या डोंगरउतारावरच्या घरांत पत्र्यावर ताडपत्री घातलेली असते, ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर जुने टायर ठेवतात, आणि पावसाळ्यात त्या प्रत्येक टायरच्या पोटात डासांचं सुसज्ज प्रसूतिगृह चालू होतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा म्हणतात. नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. पुढच्या वर्षी पाऊस आला, पिंपात पाणी चढलं, की अंड्यांना सुट्टी संपल्याचं कळतं.

यावर लगेच उत्तर येतं: पाणी साठवायची हौस आहे का आम्हाला? नळाला पाणी ठरल्या वेळी आणि ठरल्या मापानेच येतं, मग पिंप नाही भरायचं तर काय करायचं? बिनतोड आक्षेप आहे. वर चढलेल्या वस्त्यांत तर पिंप म्हणजे घरातला कर्ता पुरुष. पण पिंपाला झाकण घालायला कोणी अडवलेलं नाही. घट्ट बसणारं झाकण, तिरकी ठेवलेली फळी नव्हे, आणि झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा सुतळीने बांधला तरी चालतो. झाकणाने किती फरक पडतो हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे. डॉ. बेंटली यांनी 1911 मध्ये मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला. मलेरियाचा शहरी डास दलदलीत नव्हे, तर वाड्यांतल्या आणि घरांतल्या विहिरींत, हौदांत वाढतोय, असं त्यात निघालं. उपाय अगदी रुक्ष, विहीर बुजवा किंवा घट्ट झाका. त्यावर गहजब झाला, धार्मिक कारणांसाठी विहिरीचंच पाणी लागतं म्हणून विरोध झाला, तडजोडी झाल्या, पण झाकणं लागली. आजही टाकीला डासबंद झाकण हा मुंबई परिसरातल्या इमारतींच्या नियमांतला एक कंटाळवाणा आणि अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आहे. उलट बाजूचं उदाहरण पनामाचं. फ्रेंचांनी तिथे कालवा खणायला घेतला तेव्हा त्यांच्या सुंदर रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या असत. त्या वाट्यांत पिवळ्या तापाचे डास वाढत आणि वर निजलेल्या रुग्णाला चावत. हसू नये, कारण आपल्याकडेही दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून पायांखाली वाट्या ठेवायची पद्धत होती, आणि कुठल्याशा घरात ती अजून चालू असेल. पुढे कालवा अमेरिकेकडे गेला आणि डॉ. गॉर्गस 1904 मध्ये पनामात आले, त्यांनी घरोघरी माणसं पाठवून पाणी झाकायला, ओतायला, तेल टाकायला लावलं, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. घरोघरी धूरही केला, पण खिडक्या-दारांच्या फटी कागदाने चिकटवून आणि धूर घराच्या आत सोडून. दोन वर्षांच्या आत पिवळा ताप तिथून गेला.

मोठा आक्षेप राहिलाच. हे सगळं महापालिकेचं काम नाही का? नाले साफ करायचे, बांधकामाच्या तळमजल्यात साचलेलं पाणी उपसायचं, हे मी माझ्या ओट्यावरची बशी पालथी करून कसं होणार? होणार नाही. नाल्याचं गाऱ्हाणं करावं, जोरात करावं. पण पालिकेकडून आपण काय मागतो तेही ऐकावं. नगरसेवकाला फोन जातो तो ‘फवारणीची गाडी पाठवा’ म्हणून. ‘साहेब, कोणीतरी येऊन आमची पिंपं बघून जा’ असा फोन कोणी केल्याचं ऐकिवात नाही. धूर सोडणाऱ्या माणसाकडे लोक गॅलरीतून आदराने बघतात. हातात टॉर्च घेऊन ‘ताई, पाणी बघायचंय’ म्हणत दारात उभ्या राहणाऱ्या आरोग्यसेविकेला मात्र साखळी लावूनच अर्धं दार उघडतं. ‘आमच्याकडे नाहीत हो डास’, ‘साहेब घरी नाहीत’, ‘मागच्या महिन्यात येऊन गेले की’. तिने पिंपात टॉर्च मारून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या तर ताई आधी दुखावतात, मग ‘आत्ताच आल्या असतील’ म्हणतात. खरं तर रोगाला अडवायचं काम टॉर्चवालीचं जास्त आणि धुराचं कमी. साथ आली की रुग्णाच्या घराच्या आसपास धूर करणं समजू शकतं, बाकी वेळी त्याचा गुण तासाभराचा. पण टॉर्चचा फोटो काय घालणार? गप्पी मासे सोडतानाचा निदान बरा येतो.

आणि रुक्ष उपाय किती मोठं काम करतो याचा दाखला परदेशातच शोधायला नको. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये निर्मूलनाचं ध्येय ठरलं, आणि 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. केलं काय होतं? भिंतींना आतून डीडीटी मारून ठेवलं होतं. ढग नाही, लोट नाही. डास रक्त पिऊन जड होतो, भिंतीवर विसावतो, आणि भिंत तिचं काम करते. लोकांना ते आवडायचं नाही. भिंतीवर पांढरट डाग दिसतात म्हणून कित्येक घरांत माती-शेणाने लिंपून, सणाला चुना काढून ते झाकलं गेलं. पुढे डासही डीडीटीला सरावले, पैसा आणि लक्ष दोन्ही आटलं, आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. डासाच्या सरावण्याला चुन्याचा दोष देता येणार नाही, ते जीवशास्त्र आहे. पण डाग दिसतो म्हणून औषध झाकणारी माणसं आणि खिळा दिसतो म्हणून जाळी माळ्यावर टाकणारी माणसं एकाच घराण्यातली, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा माणसाचा स्वभाव बदलायच्या भानगडीत न पडता रुक्ष उपायांनाच थोडा थाट द्यावा, असं सुचवावंसं वाटतं. कळव्यात गणेश मंडळं उदंड आहेत आणि ती रांगोळीपासून पाककृतीपर्यंत सगळ्याच्या स्पर्धा घेतात. त्यांनी भाद्रपदात, म्हणजे नेमक्या डेंगीच्या दिवसांत, ‘कोरडं घर’ स्पर्धा घ्यावी. परीक्षक ढोल-ताशासह दारात यावेत. फ्रिज ओढून ट्रे दाखवणाऱ्याला दहा गुण, पिंपाला झाकण असेल तर वीस, झाकण घट्ट असेल तर तीस. कुंडीखाली बशीच नसलेल्या घराला विशेष उल्लेख. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं निघालं तर सेक्रेटरींचे गुण जाहीरपणे वजा. वाद होतील, ‘तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या मनीप्लांटकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं’ म्हणून तक्रारी येतील, निकाल दोनदा फिरेल, आणि त्या नादात वॉर्डातली यच्चयावत भांडी घासून निघतील. बक्षीस काय द्यायचं यावर मंडळाची मीटिंग रात्री दीडपर्यंत चालेल. मच्छरदाणी द्यावी असं एखादा म्हणेल. ती पिशवीत घडी करून ठेवली तर काय आहे ते कळत नाही आणि उघडून धरली तर मागचे मान्यवर झाकले जातात, असं फोटोग्राफर सांगेल, आणि पहिल्या क्रमांकाला बॅट ठरेल.